मुरले, पण गुण आला का?

‘खोलवर मुरते, चटकन आराम देते’ ही वेदनाशामक मलमांच्या जाहिरातींची भाषा आपल्या इतकी परिचयाची झाली आहे, की तिच्यात दोन वेगवेगळी विधाने आहेत हे आता लक्षातही येत नाही. ‘मुरते’ हे एक विधान आणि ‘आराम देते’ हे दुसरे. पहिले खरे असले म्हणून दुसरे आपोआप खरे ठरत नाही. ऐकणारा मात्र या दोहोंमधला सांधा न तपासताच पुढे जातो. औषधाला त्वचेतून आत जाण्यास मदत करणाऱ्या रसायनांचा इतिहास पाहिला, तर केवळ जाहिरातदारच नव्हे, तर डॉक्टर, रुग्ण आणि वार्ताहरही याच सांध्यावर घसरलेले दिसतात.

अशा रसायनांपैकी सर्वांत गाजलेले म्हणजे डायमिथिल सल्फॉक्साइड, संक्षेपाने डीएमएसओ. त्याची गोष्ट नवी नाही. ती सांगण्याच्या रूढ पद्धती मात्र आम्हाला सदोष वाटतात. त्या तशाच वर्गात पोचू नयेत, म्हणून हा लेख.

आधी रंध्रांविषयी

‘त्वचेला असंख्य छिद्रे असतात आणि मलम त्या छिद्रांतून आत जाते’ हे स्पष्टीकरण वर्गात सर्रास दिले जाते. त्वचेवर छिद्रे आहेत हे खरे. घामाच्या नलिकांची आणि केसांच्या मुळांची ती तोंडे होत. पण या सर्वांचे क्षेत्रफळ एकत्र केले तरी ते त्वचेच्या पृष्ठभागाच्या साधारण एक सहस्रांश भरते. काही पदार्थ या वाटेने जातातही. परंतु बहुतेक औषधांना उरलेल्या जवळजवळ संपूर्ण पृष्ठभागावरूनच वाट काढावी लागते. तेथे छिद्र नसते. तेथे असतो शृंगी थर.

हा त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर. तळहात आणि तळपाय सोडले तर त्याची जाडी सुमारे 10 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा ते पन्नासावा भाग असते. वहीच्या कागदाच्या पाचव्या हिश्श्याएवढीही ती क्वचितच भरेल. या थरात मेलेल्या, चपट्या, केराटिन या प्रथिनाने भरलेल्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. त्यांत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हे प्रमुख. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ पीटर इलायस यांच्यामुळे या रचनेला ‘विटा आणि चुना’ ही उपमा रूढ झाली. पेशी म्हणजे विटा आणि मधला मेद म्हणजे चुना. औषधाचा रेणू बहुधा विटा टाळून, चुन्याच्या नागमोडी वाटेने, विसरणाच्या क्रियेने आत सरकतो.

या एका चित्रावरून बऱ्याच गोष्टी उलगडतात. चुना स्निग्ध असल्यामुळे केवळ पाण्यात विरघळणारे पदार्थ बाहेरच अडतात. केवळ तेलात विरघळणारे पदार्थ चुन्यात शिरतात, पण तेथेच अडकून राहतात. कारण खालचा जिवंत थर पाणीदार असतो. म्हणून दोहोंत थोडेथोडे विरघळणारा, आकाराने लहान रेणूच यशस्वी होतो. 500 पेक्षा जास्त रेणुभार असलेले पदार्थ निरोगी त्वचेतून सहसा जात नाहीत, असा एक ढोबळ नियम सांगतात. निकोटिनचा रेणुभार 162, हृदयविकारात वापरल्या जाणाऱ्या नायट्रोग्लिसरिनचा 227, तर प्रवासातील मळमळीवरच्या स्कोपोलामाइनचा 303. या तिघांच्याही औषधी चिकटपट्ट्या निघाल्या. पैकी कानामागे लावायच्या स्कोपोलामाइनच्या पट्टीला अमेरिकेत 1979 साली मान्यता मिळाली. इन्सुलिनचा रेणुभार मात्र 5,800 च्या आसपास आहे. मधुमेहाच्या रुग्णांना टोचून घ्यावे लागते ते काही डॉक्टरांच्या हौसेखातर नव्हे.

चुना सैल करणारी रसायने

जी औषधे स्वतःच्या बळावर पुरेशा प्रमाणात जात नाहीत, त्यांच्यासोबत मदतनीस पाठवणे ही कल्पना येथे जन्म घेते. सर्वांत साधा मदतनीस म्हणजे पाणी. मलम लावून वर प्लॅस्टिकचा कागद बांधला की घाम उडून जात नाही, शृंगी थर पाणी पिऊन फुगतो आणि अनेक पदार्थांची वाट सुकर होते. अल्कोहोल चुन्यातील काही मेद विरघळवते. साबणासारखे पृष्ठसक्रिय पदार्थ मेदाची आणि प्रथिनाचीही मांडणी बिघडवतात. ऑलिव्ह तेलात मुबलक असणारे ओलेइक आम्ल हे तर रसायनशास्त्राच्या शिक्षकांना आवडावे असे उदाहरण आहे. स्टिअरिक आम्ल आणि ओलेइक आम्ल या दोहोंत कार्बनचे 18 अणू असतात. स्टिअरिक आम्लाची साखळी सरळ असते. ओलेइक आम्लाच्या साखळीला मधल्या दुहेरी बंधापाशी बाक असतो. सरळ काड्यांच्या मोळीत काही वाकड्या काड्या खुपसल्या तर मोळी घट्ट बसेल का? चुन्यातील मेदाच्या साखळ्यांचेही तसेच होते. म्हणूनच या कामी ओलेइक आम्ल स्टिअरिक आम्लापेक्षा सरस ठरते.

डीएमएसओ यांत निराळे ठरले ते त्याच्या वेगामुळे. हा रंगहीन द्रव पाण्यातही मिसळतो आणि असंख्य सेंद्रिय पदार्थांनाही विरघळवतो. तो केराटिनला बिलगलेल्या पाण्याची जागा घेऊन प्रथिनाचा आकार बदलतो, मेदाच्या थरांची शिस्त मोडतो आणि काही मेद काढूनही नेतो. यात मेख एकच आहे. हा परिणाम संहतीवर अवलंबून असतो. द्रावणात साधारण 60 टक्क्यांहून अधिक डीएमएसओ असेल तरच तो जोरकस दिसतो, आणि एवढ्या संहतीला त्वचा लाल होणे, खाजणे, गांधी उठणे हेही सुरू होते. दार उघडणे आणि दाराला इजा करणे या दोन गोष्टी येथे फारशा वेगळ्या नाहीत.

गोष्ट आणि तिच्या दोन आवृत्त्या

रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर झाइत्सेव यांनी 1866 मध्ये डीएमएसओ प्रथम तयार केले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ते रसायनांच्या कपाटातच राहिले. लाकडापासून कागदाचा लगदा करताना मिळणाऱ्या टाकाऊ पदार्थांपासून ते बनवता येते. त्यामुळे अमेरिकेतील कागद उद्योगाला त्याचा उपयोग शोधण्यात रस होता. 1959 मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स लव्हलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले, की जिवंत पेशी गोठवताना डीएमएसओ घातले तर त्यांची हानी टळते. अवयव गोठवून टिकवता येतील का, या प्रश्नामागे लागलेले ओरेगॉनचे शल्यचिकित्सक स्टॅन्ली जेकब याच ओघात डीएमएसओकडे आले. कागद कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट हर्शलर यांच्यासह त्यांच्या लक्षात आले, की हा द्रव त्वचेतून झपाट्याने आत जातो आणि सोबत इतर पदार्थही नेतो. 1964 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सांधेदुखी, मुरगळणे, भाजणे अशा नाना तक्रारींवर डीएमएसओ गुणकारी असल्याच्या बातम्या झळकल्या आणि हजारो रुग्णांना ते दिले गेले. नोव्हेंबर 1965 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माणसांवरील चाचण्या थांबवल्या. प्रयोगातील प्राण्यांच्या डोळ्यांतील भिंगात बदल आढळले होते.

येथून गोष्टीच्या दोन आवृत्त्या होतात. पहिली म्हणते: स्वस्त, पेटंटच्या कचाट्यात न सापडणारे चमत्कारी औषध सरकारने दडपले. दुसरी म्हणते: भोंदूंच्या हाती लागलेले घातक द्रावक सरकारने वेळीच रोखले. पहिली आवृत्ती आजही जोमाने फिरते आहे. दुसरी ‘विज्ञाननिष्ठ’ म्हणून सांगितली जाते. आमच्या मते दोन्ही अपुऱ्या आहेत. आणि शिकण्यासारखे जे आहे ते नेमके दोन्हींतून गळून पडते.

दुसरी आवृत्ती अपुरी का, ते आधी पाहू. प्राण्यांत दिसलेले भिंगातील बदल खरे होते. मात्र पुढे माणसांच्या तपासण्यांत तसे बदल आढळले नाहीत. 1978 मध्ये मूत्राशयाच्या एका वेदनादायक दाहावर, मूत्राशयात सोडण्यासाठी, डीएमएसओच्या 50 टक्के द्रावणाला त्याच प्रशासनाने मान्यता दिली. रक्त बनवणाऱ्या मूलपेशी गोठवून ठेवण्यासाठी जगभरच्या रुग्णालयांत ते नित्य वापरले जाते. तेव्हा त्याला सरसकट भोंदूपणाच्या खात्यात टाकणे म्हणजे पुरावा न पाहता निकाल देणे होय.

पण पहिल्या आवृत्तीतला दोष अधिक खोल आहे. तिला 1965 चा निर्णय हा जुलूम वाटतो, कारण त्याच्या तीनच वर्षे आधी काय घडले ते ती सांगत नाही. गरोदर स्त्रियांना दिलेल्या थॅलिडोमाइडमुळे हजारो मुले हातापायांचे व्यंग घेऊन जन्मली, हे 1961 मध्ये उघड झाले होते. 1962 मध्ये अमेरिकेत कायदा बदलला. तोवर औषध सुरक्षित आहे एवढे दाखवणे पुरे होते; आता ते गुणकारी आहे हेही योग्य चाचण्यांनी सिद्ध करणे भाग पडले. डीएमएसओ नेमके या नव्या कसोटीच्या दारात येऊन उभे राहिले, आणि ही कसोटी त्याला विलक्षण अवघड होती. त्याचे कारण लसूण.

लसणाची साक्ष

डीएमएसओ त्वचेवर लावले की काही मिनिटांतच तोंडाला लसणासारखी चव येते आणि श्वासाला तसाच वास येतो. शरीरात त्याच्या काही भागाचे डायमिथिल सल्फाइड होते आणि ते फुप्फुसांतून बाहेर पडते. पायाला लावलेला पदार्थ जिभेवर कळावा, याहून मोठा पुरावा तो कोणता? रुग्णांना तसे वाटले. अनेक लेखांत आजही हा वास औषध ‘काम करत असल्याची’ खूण म्हणून येतो.

हा वास नेमके काय सिद्ध करतो? डीएमएसओ रक्तात पोचले, एवढेच. सोबत घातलेले औषध पोचले का, हे तो सांगत नाही. दुखऱ्या सांध्यात ते पुरेशा प्रमाणात पोचले का, हेही सांगत नाही. आणि दुखणे त्यामुळे कमी झाले का, याविषयी तर तो पूर्ण मुका आहे. ‘डीएमएसओ काहीही आत नेते’ हे वाक्यही तपासावे लागते. लहान रेणूंना ते मदत करते. इन्सुलिनसारख्या थोराड रेणूंपुढे त्याचीही मात्रा फारशी चालत नाही.

वासाने दुसरी अडचण केली ती अधिक गंभीर. वेदना रुग्णाला विचारूनच मोजायची असते. आपल्याला खरे औषध मिळाले आहे असे वाटले की दुखणे कमी झाल्यासारखे वाटते, हा सर्वत्र येणारा अनुभव. म्हणून दुहेरी अंध चाचणी करतात: खरे औषध कोणाला आणि दिसायला तसेच पण औषधविरहित द्रावण कोणाला, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही. येथे मात्र श्वासच गुपित फोडत होता. ज्याला लसणाचा वास आला त्याला कळत होते की आपल्याला खरे औषध मिळाले. ज्या गुणामुळे डीएमएसओ प्रसिद्धीस आले, त्यानेच त्याची परीक्षा अवघड केली. गोष्टीचा हा गाभा दोन्ही आवृत्त्यांत सापडत नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे.

उत्तर कसे मिळाले

अडचण अवघड होती, असाध्य नव्हती. गुडघ्याच्या संधिवातावर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक डीएमएसओमध्ये मिसळून लावण्याचा उपाय पुढे तपासला गेला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेली, 775 रुग्णांची, 12 आठवड्यांची एक चाचणी तिच्या रचनेसाठी शिक्षकांनी जरूर समजून घ्यावी. तीत पाच गट होते. एका गटाला डीएमएसओ व डायक्लोफिनॅक यांचे द्रावण, दुसऱ्याला तेवढेच डीएमएसओ पण डायक्लोफिनॅक नाही, तिसऱ्याला वास यावा इतपत किंचित डीएमएसओ असलेले औषधविरहित द्रावण, चौथ्याला पोटात घ्यायच्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, आणि पाचव्याला द्रावण व गोळ्या दोन्ही. वास लपवता येत नाही ना? मग तो सर्व द्रावणांत ठेवला!

निकाल असा: डीएमएसओमधील डायक्लोफिनॅक इतर दोन्ही द्रावणांपेक्षा सरस ठरले आणि गोळ्यांच्या तोडीचे निघाले. पोटाच्या तक्रारी गोळ्यांपेक्षा कमी झाल्या. लावल्या जागी त्वचा कोरडी पडण्याची तक्रार मात्र पुष्कळांनी केली. आणि नुसते डीएमएसओ? किंचित डीएमएसओ असलेल्या द्रावणात आणि त्यात लक्षणीय फरक आढळला नाही. अशा सुमारे 45 टक्के डीएमएसओ असलेल्या द्रावणाला 2009 मध्येच अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या रसायनाला 1964 मध्ये स्वतःच औषध म्हणून मिरवले गेले, त्याला गुडघेदुखीत अखेर मदतनिसाची जागा मिळाली. ही जागा कमी प्रतीची नाही. पण ती पुराव्याने मिळाली, वासाने नव्हे.

द्वारपाल निवड करत नाही

या विषयावरील उत्साही लेखनात आणखी एक गोष्ट राहून जाते. चुना सैल झाला की वाट सर्वांनाच मोकळी होते: औषधाला, औषधातील अशुद्धीला आणि त्वचेवर आधीच असलेल्या घाणीलाही. कारखान्यात द्रावक म्हणून वापरायचे डीएमएसओ अंगाला चोळणे म्हणूनच धोक्याचे आहे. प्रयोगशाळेत ते हाताळताना साध्या रबरी हातमोज्यांवर विसंबत नाहीत.

हा धडा आपल्या शिवारापर्यंत येतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजुरांना विषबाधा झाली आणि 20 हून अधिक जण दगावले. अशा प्रसंगी विष श्वासावाटे जाते तसेच त्वचेवाटेही जाते. अनेक कीटकनाशके स्निग्धप्रेमी, लहान रेणूंची असतात. ती सेंद्रिय द्रावकात विरघळवून, त्यात पाण्याशी मिसळून घेणारे पृष्ठसक्रिय पदार्थ घालून विकली जातात. म्हणजे वर सांगितलेल्या मदतनिसांपैकी दोन प्रकार बाटलीतच हजर असतात. त्यात घामाने ओली झालेली त्वचा आणि अंगाला चिकटलेला भिजका सदरा यांची भर पडते. प्लॅस्टिकचा कागद मलमासाठी जे करतो तेच हा सदरा विषासाठी करतो. ‘त्वचेवर सांडले, पोटात थोडेच गेले’ असे म्हणणाऱ्या पालकाला विद्यार्थ्याने ‘विटा आणि चुना’ समजावून सांगितले, ताबडतोब कपडे उतरवून साबणाने व भरपूर पाण्याने धुवायला लावले आणि दवाखाना गाठायला लावले, तर या विषयाचे सार्थक झाले असे आम्ही म्हणू.

वर्गासाठी

डीएमएसओ वर्गात आणू नये. त्याऐवजी बिटाचे सारखे तुकडे कापून, धुण्याचे पाणी रंगहीन होईपर्यंत धुवावेत आणि तीन परीक्षानळ्यांत ठेवावेत. पहिलीत साधे पाणी, दुसरीत निम्मे पाणी व निम्मे स्पिरिट, तिसरीत भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे काही थेंब टाकलेले पाणी. स्पिरिट ज्योतीपासून दूर असावे. अर्ध्या तासाने रंगांची तुलना करावी. बिटाच्या पेशींची मेदयुक्त पटले ढिली झाली की रंग बाहेर झिरपतो. प्रतिकृतीची मर्यादाही सांगावी: येथे जिवंत पेशीतून रंग बाहेर येतो, तर त्वचेत मेलेल्या थरातून पदार्थ आत जातो. साम्य आहे ते मेदाची मांडणी सैल होण्यापुरतेच.

नंतर मलमांच्या जाहिराती जमवून प्रत्येकीला तीन प्रश्न विचारावेत. औषध त्वचेतून आत गेले, याचा पुरावा काय? ते दुखऱ्या जागी पुरेसे पोचले, याचा पुरावा काय? आणि त्यामुळे बरे वाटले, हे कोणाशी तुलना करून ठरवले? पुदिन्याचा अर्क असलेले मलम लावल्यावर वाटणारा गारवा यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, यावर चर्चा घ्यावी. मेन्थॉल त्वचेतील थंडी जाणणाऱ्या ग्राहकांना चाळवते. तापमान न उतरताही गार वाटते. हे ग्राहक शोधण्यासाठी मेन्थॉलच कामी आले आणि त्या संशोधकांना 2021 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेन्थॉल स्वतः शृंगी थरही थोडा सैल करते, हे खरे. तरीही गारवा ही मेन्थॉलची साक्ष आहे, गुडघ्यात पोचलेल्या औषधाची नव्हे.

शेवटी विद्यार्थ्यांना एक कोडे घालावे: मेन्थॉल असलेल्या मलमातले वेदनाशामक खरोखर उपयोगी आहे का, हे तपासायचे आहे, पण गारवा लपवता येत नाही. चाचणी कशी रचाल? लसणाची गोष्ट ज्यांनी नीट ऐकली असेल, त्यांना उत्तर सुचायला वेळ लागणार नाही.